हद्दीपलीकडचं मीटर

आदेला माएस्तासनं सव्वीस वर्षं वादो आल्तो गावातली विजेची मीटरं वाचली. कुणाचा कुत्रा चावरा, कुणाच्या परसात पाय जपून टाकायचा, कोण बायकोपासून लपवलेली बाटली मीटरच्या पेटीमागं ठेवतो, सगळं तिला तोंडपाठ. पुढं मीटरं आपले आकडे आपणच कंपनीला कळवायला लागली. कंपनीनं केक कापला, टाळ्या वाजवल्या आणि तिला घरी पाठवलं. त्याला चार वर्षं झाली, आणि मग गावालाच तिची गरज पडली.

गाव कंपनीशी काडीमोड घ्यायला निघालं होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फाच्या वादळात तारा तुटल्या आणि सबंध गाव पाच दिवस अंधारात बसलं. आदेलाचा थोरला भाऊ सेलेस्तिनो तिच्याकडेच राहायचा. त्याची फुप्फुसं खाणीत गेलेली, प्राणवायूच्या यंत्राशिवाय त्याला दोन खोल्या चालवत नसे. यंत्र दिवसभर घरघर करायचं म्हणून तो त्याला ‘सासूबाई’ म्हणायचा. वादळात सासूबाई गप्प झाल्या आणि सेलेस्तिनोला पाच दिवस अग्निशमन दलाच्या शेडमध्ये, जनरेटरशेजारी खाटेवर पडून राहावं लागलं. तिथून परतला तो पुढारी होऊनच. वीज गावाची झाली पाहिजे, असं तो न्हाव्याच्या दुकानात बोलायला लागला, चर्चच्या पायरीवर बोलायला लागला, आणि मतदान झालं तेव्हा दहातल्या सात जणांनी त्याच्या बाजूनं कौल दिला.

नगरपालिकेचा वकील केसिंजर हा पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं आदेलाला बोलावलं आणि गावातले खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, जे जे ताब्यात घ्यायचं त्याची यादी करायचं काम दिलं. ती मार्च ते मे पायी फिरली. साडेतीन हजारांवर खांब मोजले, प्रत्येकाचा नंबर वहीत उतरवला. आपली जुनी वाट पुन्हा तुडवताना तिला बरं वाटत होतं.

घोडं अडलं ते पूर्वेच्या तारेवर.

“रस्त्यासाठी आपण कुणाचं शेत सक्तीनं घेऊ शकतो, तसे खांबही घेऊ शकतो,” केसिंजरनं तिला नकाशापाशी उभं करून सांगितलं. “मालक नको म्हणाला तरी कोर्ट मोल ठरवतं, ते दिलं की विषय संपला. पण आपला हात पोचतो गावाच्या हद्दीपर्यंत, आणि हद्दीबाहेरच्या लोकांना वीज द्यायचा हक्क कंपनीचा. ती वीज ज्या तारेतून जाते ती गावातून जात असली तरी आपल्याला ओढून घेता येत नाही. वीज आयोग आधी विचारणार, की बाहेरच्यांचं काय? त्यांचा दिवा होता तसाच चालू राहिला पाहिजे.”

“तार कुठं हद्द ओळखते,” आदेला म्हणाली.

“तार नाही ओळखत. कायदा ओळखतो.”

पूर्वेची तार सबस्टेशनातून निघून अकरा गल्ल्यांतून जायची, कालव्याच्या पुलावर हद्द ओलांडायची आणि पुढं एक्केचाळीस घरांना पोचायची. चाळीस घरं कालव्याच्या रस्त्यालगत होती. त्यांना उत्तरेकडून दुसरी तार देता येईल हे कंपनीनंही कुरकुरत मान्य केलं होतं. एक्केचाळिसावं घर मात्र चार मैल आत, पठाराच्या टोकाला. तिथं दुसरीकडून तार न्यायला वाटच नव्हती. ते घर यादीत राहिलं, तर पूर्वेची तार कंपनीकडेच राहणार आणि तिच्यावरच्या अकरा गल्ल्याही.

केसिंजरनं यादी पुढं सरकवली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: विहिल, सेनाइदा. पठारचा रस्ता.

“ही बाई वारली ना?” त्यानं विचारलं.

“अकरा वर्षं झाली,” आदेला म्हणाली. 

“मला तेच हवंय. पण कंपनीनं त्या फाट्यावर महिनाभर मोजणीचं यंत्र लावलं होतं. हे बघा.”

कागदावर एक रेघ होती. रात्रभर सपाट. सकाळी दहाला ती उठायची, क्षणभर वर राहून खाली पडायची, थोडी थांबून परत उठायची. करवतीच्या दात्यांसारखी ती चारपर्यंत चालायची आणि चारला बंद. रविवार सोडून रोज. केसिंजरला वाटत होतं की पाण्याचा पंप असेल, नाहीतर कंपनीचा काही डाव. आदेलाला बघताक्षणी समजलं. तापली की बंद होते, निवली की चालू होते. इस्त्री होती ती.

दोन्या सेनाइदा, म्हणजे सेनाइदाबाई विहिल, जन्मभर इस्त्रीच करत आली. चर्चची झालरीची वस्त्रं, लग्नाचे पोशाख, हॉटेलातल्या चादरी. तिचा मुलगा नेस्तोर गाठोडी पोचवायचा आणि घेऊन जायचा. आदेला महिन्याच्या सहा तारखेला मीटर वाचायला जायची तेव्हा खिडकीतून ओल्या तापल्या कापडाचा वास यायचा. दार ठोठावलं की म्हातारी टोर्टियात गुंडाळलेले घेवडे हातावर ठेवायची आणि म्हणायची, “आकडा नीट बघ हो पोरी, चुकला तर म्हणतील तुझाच डोळा गेला.”

अकरा वर्षांपूर्वीच्या मार्चात पठारच्या रस्त्यावर गुडघाभर चिखल होता. आदेलानं कालव्याच्या पुलावरच गाडी थांबवली, मागच्या महिन्याच्या आकड्यात नेहमीचं तेवढं मिळवलं आणि लिहून टाकलं. तारीख सहा, वाचन झालं. असं सगळेच करत, वर्षातून एखाद्या वेळी. तेरा तारखेला नेस्तोर गाठोडं न्यायला गेला. आई इस्त्रीच्या टेबलाशी पडलेली होती, खुब्याचं हाड मोडून. इस्त्री टेबलावर उभी, चालूच. डॉक्टर म्हणाले, चार तारखेच्या सुमारास पडली असेल. तीन-चार दिवस जीव असावा.

आदेलानं त्या दिवशी मीटर पाहिलं असतं तर आकडा बोलला असता. दार तर ठोठावलंच असतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सेलेस्तिनोला नाही, कबुलीला बसून पाद्रीबुवांनाही नाही.

“एकदा जाऊन या,” केसिंजर म्हणाला. “घर रिकामं आहे, वीजजोडणी नाही, एवढं शपथेवर लिहून द्यायचं. सुंठीवाचून खोकला जाईल.”

ती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला पोचली. आभाळ निरभ्र, वारा नाही. पठारावर वारा नाही असा दिवस तिला आठवत नव्हता. शेवटच्या खांबापाशी ती थांबली. खांबावरून घराकडं जाणारी तार काढून घेतलेली होती. लाइनमननं तिचं वेटोळं करून खांबालाच टांगलं होतं. खांब ते भिंत, मध्ये साठ पावलं मोकळी हवा. छताचा एक कोपरा बसलेला. अंगणात चामिसाची झुडपं कमरेएवढी वाढलेली.

भिंतीवर मीटर होतं. जुनंच, काचेच्या हंडीतलं, आत चकती फिरणारं. कुणाला ते काढायचं सुचलं नव्हतं.

चकती फिरत होती. गरगर, वीसेक आकडे म्हणेपर्यंत. मग थांबली. आदेला मनात आकडे मोजत उभी राहिली. साधारण मिनिटभरानं चकती पुन्हा फिरायला लागली.

तिनं काचेवर तळहात ठेवला. काच ऊबदार होती. पण त्या भिंतीला ऊन दुपारनंतरच लागायचं. खिडकीची फळी निसटलेली होती, तिथून तिनं आत पाहिलं. जमिनीवर धूळ, बोटभर जाड, तिच्यावर उंदराच्या पावलाचीही खूण नाही. टेबल नव्हतं, इस्त्री नव्हती, काहीच नव्हतं. वास मात्र होता, ओल्या कापडावर तापलं लोखंड टेकल्याचा.

आदेलानं वही काढली. पाचही आकडे तिनं नीट उतरवले, खाली वेळ लिहिली, आणि मागं न बघता गाडीपर्यंत चालत गेली.

केसिंजरला तिनं जसंच्या तसं सांगितलं. तो हसला नाही. पेन्सिल उभी-आडवी करत म्हणाला, घराच्या मालकाला घेऊन जा, दोन डोळ्यांपेक्षा चार बरे. मालक म्हणजे नेस्तोर. तो आता सत्तरीचा, एकटा, ट्रक दुरुस्तीच्या दुकानामागं खोली घेऊन राहायचा. आदेलानं जाऊन विचारलं तेव्हा त्यानं नुसती टोपी घातली.

नेस्तोरच्याच ट्रकमधून दोघं गेले. वाटेत तो एवढंच बोलला, की वीज मी स्वतः तोडायला लावली, पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी. तोडलेली तार माझ्या डोळ्यांदेखत गुंडाळली.

मीटरसमोर दोघं उभे राहिले. चकती फिरली, थांबली, फिरली. नेस्तोरनं टोपी काढून छातीशी धरली. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बस चुकली तर नाही ना, अशा काळजीनं माणूस रस्त्याकडं बघतो तसा तो मीटरकडं बघत होता.

“तिला कुणी सांगितलंच नसेल,” तो शेवटी म्हणाला.

त्यानं टोपी हातात फिरवली.

“त्या महिन्यात तू आली होतीस. कंपनीच्या कागदावर सहा तारीख आहे, मी पाहिलंय. मी तेव्हा तुला विचारलं नाही. आता विचारतो. सहाला ती बरी होती ना? तू बोललीस तिच्याशी?”

हो म्हणणं सोपं होतं. अकरा वर्षं त्या माणसानं मनातल्या या ‘हो’वरच दिवस काढले असणार. भिंतीवर चकती थांबलेली होती.

“मी आले नव्हते, नेस्तोर,” आदेला म्हणाली. “पुलावरून परत गेले. आकडा मनानं लिहिला.”

नेस्तोरनं तिच्याकडं पाहिलं नाही. टोपी डोक्यावर घातली, ट्रकमध्ये बसला आणि निघून गेला. धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच उभी होती. मग चालायला लागली. पुलापर्यंत चार मैल. रस्त्याच्या कडेनं खांब होते, आणि प्रत्येक खांबापाशी गेलं की तारेचा गुणगुण आवाज ऐकू यायचा. वीसेक आकडे, मग शांत, मग पुन्हा. तिनं कानांवर हात ठेवून पाहिले. आवाज पायांतून वर येत होता. पुलावर पोचली तेव्हा चार वाजले होते. गुणगुण थांबली आणि त्याच क्षणी कालव्याचं पाणी वाहताना ऐकू यायला लागलं. इतका वेळ ते ऐकू येत नव्हतं हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

शपथपत्र केसिंजरनं टाइप करून ठेवलं होतं. घरात कुणी राहत नाही. खांबापासून घरापर्यंत तार नाही.

“दोन्ही वाक्यं खरी आहेत,” तो म्हणाला.

“आणि मीटर?”

“मीटरबद्दल कुणी विचारलेलं नाही, आदेलाबाई. हे बघा, मी खोटं लिहा म्हणत नाही. फक्त जास्त लिहू नका. तुमची गल्ली त्याच तारेवर आहे. सेलेस्तिनोचं यंत्र त्याच तारेवर आहे.”

तिनं कागद घरी नेला. सेलेस्तिनोला सगळं सांगितलं, पुलावरचं खोटं वाचनही. तो नळी नाकात सारत ऐकत राहिला.

“मेलेल्या बाईसाठी जित्या भावाचा श्वास अडकवणार तू,” तो म्हणाला. “चांगला न्याय आहे.”

“एकदा त्या घराबद्दल न बघता लिहिलं. आता बघून लिहायचं नाही, असं म्हणतोस?”

“मी म्हणतो, सही कर आणि जेवायला वाढ.”

तिनं वाढलं. हिरव्या मिरचीचा रस्सा दोघांनाही गेला नाही. ताटं बाजूला सारून तिनं शाईच्या पेनानं टाइप केलेल्या दोन वाक्यांखाली तिसरं लिहिलं: भिंतीवरचं मीटर चालू आहे. पुढं आकडा, तारीख, वेळ. आणि सही केली.

केसिंजरनं कागद तसाच आयोगाला सादर केला आणि सुनावणी डेन्व्हरला झाली. आयोगाचे तीन सदस्य उंच टेबलामागं बसले होते. कंपनीची वकील तरुण बाई होती. तिला वाटलं होतं की आयती साक्ष हातात आली. तिनं विचारलं, त्या घरात कोण राहतं? आदेला म्हणाली, राहताना कुणी दिसलं नाही.

“मग वीज कोण वापरतं?”

“मीटर वाचणारीनं आकडा सांगायचा असतो. नाव सांगायचं नसतं.”

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. वकीलबाई हसली नाही. तिच्या कंपनीचे दोन इंजिनिअर पठारावर जाऊन आले होते आणि त्यांचा अहवाल अर्ध्या पानाचाच होता; तिनं तो वाचून दाखवला नाही, नुसता टेबलावर ठेवला. मधल्या सदस्यानं तो उचलून वाचला, शेजारच्याला दिला. मग त्यानं आदेलाला विचारलं, की याआधी तुम्ही ते मीटर शेवटचं कधी वाचलं? तेव्हा तिनं सहा मार्चची गोष्ट तिथंही सांगितली. दाराशी नेस्तोर उभा होता. तो केव्हा आला ते तिला कळलं नव्हतं, आणि मान वर करून पाहिलं तोवर गेलाही होता.

निकाल सप्टेंबरात आला. ग्राहक म्हणजे जो वीज घेतो तो, एवढंच नियमात लिहिलेलं होतं. तो जिवंत असावा असं कुठंच नव्हतं. लिहायची गरज कुणाला पडली नसावी. मीटर चालू आहे तोवर हद्दीबाहेर ग्राहक आहे, सबब पूर्वेची तार गावाला घेता येणार नाही. बाकीची सगळी खुशाल घ्यावी. शिवाय आयोगानं कंपनीलाही बजावलं, की ग्राहक आहे म्हणता तर त्याला धड जोडणी द्या, हवेतून नको, आणि मीटर दर महिन्याला माणूस पाठवून वाचा.

गावात आदेलाला पाहून लोक रस्ता बदलायला लागले. न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, की सव्वीस वर्षं कंपनीचं मीठ खाल्लं, त्याला जागली. सेलेस्तिनो तीन आठवडे तिच्याशी बोलला नाही. मग एका सकाळी त्यानं सासूबाईंना चाकाच्या गाडीवर बसवलं आणि पश्चिमेकडं भाचीच्या घरी राहायला गेला. तिकडचे खांब आता गावाचे होते.

ऑक्टोबरात कंपनीचे दोन लाइनमन पठारावर गेले आणि त्यांनी साठ पावलांची तार पुन्हा ओढली. एक जण शिडीवरून उतरला तो सरळ गाडीत जाऊन बसला; शिडी दुसऱ्यालाच आणावी लागली. त्याच आठवड्यात नेस्तोरनं छताचा कोपरा नीट केला आणि आपलं अंथरूण तिथं नेलं.

मीटर वाचायला माणूस मिळेना, तेव्हा कंपनीनं आदेलालाच विचारलं. ती सहा नोव्हेंबरला गेली. आधी दार ठोठावलं. नेस्तोरनं उघडलं आणि तिच्या तोंडावर दार लावलं नाही. सबंध हयातीत तिनं त्याला ग्रीस लागलेल्या कपड्यांशिवाय पाहिलं नव्हतं. आज त्याच्या अंगात पांढरा सदरा होता, कॉलर ताठ, बाह्यांवर सुरीच्या धारेसारखी घडी. त्याच्या पाठीमागं खोली रिकामी दिसत होती. एक खाट, एक खुर्ची, दिवा. इस्त्री कुठं दिसली नाही, आणि तिनं विचारलं नाही. आकडा घेतला आणि निघाली.

तार जोडली की हा प्रकार थांबेल, असं इंजिनिअरांचं म्हणणं होतं. थांबला नाही. उलट आता सगळ्या पूर्वेच्या तारेला तो कळायला लागला. सकाळी दहा वाजले की अकराही गल्ल्यांतले दिवे किंचित मंद होतात, वीसेक आकडे तसेच राहतात, मग उजळतात. मिनिटभरानं पुन्हा. एका घरगुती इस्त्रीनं एवढं होणं शक्य नाही, असं कंपनीनं लेखी कळवलं. दोन ट्रान्सफॉर्मर बदलले. फरक पडला नाही. लोकांनी तक्रारी केल्या, मग हळूहळू सवय करून घेतली. शिंपीण आपलं मशीनवरचं काम सकाळी नऊलाच उरकते. दाताच्या डॉक्टरनं दवाखान्याची वेळ चारनंतरची करून टाकली. रविवारी मात्र सगळं ठीक असतं, आणि कपडे धुण्याची यंत्रं सगळ्या गल्लीत त्याच दिवशी लागतात.

आदेलाला भाचीनं बोलावलं होतं, मागं एक खोली आहे म्हणून. ती गेली नाही. ती सकाळी स्वयंपाकघरात घेवडे निवडत बसते आणि दिवा लावून ठेवते, उजेड पुरेसा असला तरी. दहा वाजून गेले की फोन वाजतो. सेलेस्तिनो असतो, मागं सासूबाईंची घरघर.

“झालं का सुरू?” तो विचारतो.

आदेला वर बघते. दिव्याची तार लाल होत जाते, तशीच राहते.

“झालं,” ती म्हणते. मग दोघं थोडा वेळ हवापाण्याचं बोलतात.